निवृत्त बॅटरीचे दुसरे आयुष्य

जुलै २०२५ मध्ये अतिउच्चदाबाची भूमिगत वाहिनी नादुरुस्त झाली आणि हिंजवडीचा मोठा परिसर अंधारात गेला. साऱ्या जगाच्या संगणकांची काळजी वाहणाऱ्या या नगरीतील गृहसंकुलांना अशा वेळी आधार उरतो तो डिझेलच्या जनित्राचा. याच औद्योगिक पट्ट्यात, चाकणला, विजेवर चालणाऱ्या मोटारी तयार होतात. त्या मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या घरोघरी वीज साठवू शकतील, याचा विचार मात्र अभावानेच होतो.

मोटारीतून निवृत्त झालेली बॅटरी निरुपयोगी नसते. क्षमता मूळच्या ७० ते ८० टक्क्यांवर आली की ती मोटारीला अपुरी पडते. दिवे, पंखे, फ्रीज यांना ती पुष्कळ होते. २०२० मध्ये बाजारात आलेल्या नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीत ३०.२ युनिट वीज मावत असे. ७० टक्के क्षमता धरली तरी २१ युनिट उरतात. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराची ही तीन दिवसांची बेगमी होय. लिथियमसाठी देश आयातीवर विसंबून असताना हे धन थेट भंगारात घालणे शहाणपणाचे नव्हे.

परंतु ही इन्व्हर्टरखाली ठेवायची, पाणी घालायची बॅटरी नव्हे. तिच्यातील शेकडो व्होल्टचा दाब जीवघेणा असतो. घरासाठी ती प्रशिक्षित हातांनी सुटी करून, प्रत्येक सेल तपासून, सारख्या क्षमतेच्या सेलचा सुमारे ४८ व्होल्टचा संच बांधावा लागतो. प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी नियंत्रण यंत्रणा नसेल, तर एका दुबळ्या सेलपायी सारा संच पेटू शकतो. कुदळवाडीच्या भंगार गोदामांना डिसेंबर २०२४ मध्ये लागलेली आग पिंपरी-चिंचवडकर विसरलेले नाहीत.

खरी अडचण माहितीची आहे. बॅटरी किती वेळा भारित झाली, किती तापली, अपघातात सापडली होती काय, ही नोंद बहुधा उत्पादकाकडेच राहते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकावर टाकली आणि नोंदणीकृत नूतनीकरणाला वाट दिली. युरोपीय संघाने तर फेब्रुवारी २०२७ पासून मोटारींच्या बॅटऱ्यांना 'पासपोर्ट' सक्तीचा करण्याचे ठरविले. भारतातही प्रत्येक बॅटरीबरोबर तिची जन्मपत्रिका ग्राहकाच्या हाती पडली पाहिजे.

चाकणकडे कारखाने आहेत, हिंजवडीकडे संगणकतज्ज्ञ आहेत आणि पिंपरी-चिंचवडकडे कुशल कारागीर आहेत. हे तिघे एकत्र आले नाहीत, तर हेच काम उद्या गल्लीबोळांत, अंदाजाने होईल; आणि अंदाज चुकल्याची किंमत एखादे घर मोजेल.