मनाई हुकूम आणि रिकामी खुर्ची

विद्यापीठातील नोकरभरतीचा वाद न्यायालयात गेला आणि न्यायालयाने मनाई हुकूम दिला, की निकाल लागला असे लोक समजतात. वस्तुतः निकाल लागलेलाच नसतो. मूळ प्रश्नाचा निवाडा होईपर्यंत आहे ती स्थिती राहावी, एवढाच त्या हुकुमाचा हेतू. प्रथमदर्शनी दाव्यात तथ्य, सोयी-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारी हानी, या तीन कसोट्या लावूनच तो द्यावयाचा असतो. परंतु हा तात्पुरता हुकूमच पुष्कळदा वर्षानुवर्षे निकालाची जागा अडवून बसतो. त्याची झळ सर्वांत अधिक लागते ती वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला, आणि त्याचे नाव दाव्याच्या कागदांत कोठेच नसते.

पांढुर्णा आणि सौंसर येथील घराघरांतून मुले पदवी घेत आहेत, त्यांना हा विषय परका नाही. छिंदवाड्याचे विद्यापीठ २०१९ साली स्थापन झाले. पुढे त्यास राजा शंकरशाह यांचे नाव मिळाले. त्याच वर्षी ८ मार्च रोजी मध्य प्रदेश सरकारने अध्यादेश काढून इतर मागासवर्गीयांचे आरक्षण १४ वरून २७ टक्क्यांवर नेले, आणि १९ मार्च रोजी जबलपूरच्या उच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. आरंभ वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांपासून झाला, पण तिची छाया नोकरभरतीवर पडलीच. अखेर २०२२ साली सरकारने तोडगा काढला : ८७ टक्के जागांचे निकाल जाहीर करावयाचे, १३ टक्के राखून ठेवावयाचे. सरकारी महाविद्यालयांतील सहायक प्राध्यापकांची भरतीही या सूत्रातून सुटली नाही. विद्यापीठाचे प्रत्यक्ष अध्यापन ज्या महाविद्यालयांत होते, तेथील कायम जागा अशा अडल्या, की वर्ग चालवावयाचे कोणी? ते काम 'अतिथी विद्वान' करतात. पाहुणा म्हणून बोलावलेला माणूस वर्षामागून वर्षे घर चालवतो आणि तरीही पाहुणाच राहतो, हा न्यायाचा कोणता प्रकार?

याचा अर्थ न्यायालयात जाणारा उमेदवार दोषी असा नव्हे. जाहिरात संदिग्ध असते, बिंदुनामावली चुकते, मुलाखतीच्या तोंडावर निकष बदलतात. मग त्याने दाद कोठे मागावी? भरती सुरू झाल्यावर, नियमांत तशी मुभा नसेल तर, पात्रतेचे निकष मध्येच बदलता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी निःसंदिग्धपणे सांगितले आहे. हे पथ्य सुरुवातीलाच पाळले, तर निम्मे दावे उभेच राहणार नाहीत.

उरलेल्या दाव्यांचे काय? राज्यघटनेच्या २२६ व्या अनुच्छेदातच एक उपाय लिहून ठेवला आहे. दुसऱ्या पक्षाला न ऐकता अंतरिम हुकूम दिला गेला आणि त्या पक्षाने तो उठविण्याचा अर्ज केला, तर उच्च न्यायालयाने त्या अर्जाचा निकाल दोन आठवड्यांत द्यावा. न दिल्यास हुकूम आपोआप संपतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाणी व फौजदारी खटल्यांच्या कामकाजावरील स्थगित्यांना सहा महिन्यांची मर्यादा घातली होती. घटनापीठाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी ती काढून टाकली. म्हणजे आता केवळ दिवस उलटले म्हणून स्थगिती सरत नाही. कोणी तरी उठून ती उठविण्यासाठी झगडले पाहिजे. ते 'कोणी तरी' म्हणजे विद्यापीठ आणि सरकार. स्थगिती आली की उत्तराला मुदतीवर मुदत मागत राहावयाचे, आणि रिकाम्या जागांचा जाब विचारला की 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' म्हणून हात झटकावयाचे, हा आळस आहे. त्याला कायद्याचा आदर म्हणता येणार नाही.

विलंबाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हेही ध्यानी घ्यावे. १९३६ साली स्थापन झालेले उच्च न्यायालय नागपुरात होते. १ नोव्हेंबर १९५६ पासून आमच्या भागाचे उच्च न्यायालय जबलपूरला आहे. हाकेच्या अंतरावरील नागपूरकडे पाठ फिरवून सौंसरच्या शेतकऱ्याच्या मुलाने तारखांसाठी जबलपूर गाठावयाचे. ज्याच्यापाशी वकिलाची फी आणि वाटखर्च आहे, तोच टिकतो. बाकीच्यांची वयोमर्यादा ओलांडून जाते. त्यांचे गेलेले वय कोणताही अंतिम निकाल परत देत नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. स्थगिती वादग्रस्त पदांपुरतीच असावी. एका विषयाच्या तक्रारीसाठी साऱ्या विद्यापीठाची भरती अडू नये. बिंदुनामावली जाहिरातीपूर्वी तपासून प्रसिद्ध करावी. विद्यापीठाने पहिल्याच तारखेस कागदपत्रांसह उत्तर दाखल करावे, आणि न्यायालयांनी भरतीचे दावे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी निकाली काढावेत. न्यायालयाला थांबता येते, सरकारला थांबता येते. विद्यार्थ्याची तीन वर्षे मात्र कोणाच्याही हुकुमाने थांबत नाहीत.