बालवाडीत धावण्याचा तास हवा

महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत सुमारे ३५ मुले खुजी आहेत आणि चार जादा वजनाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले हे आकडे पाहून कोणीही विचारेल, की अशा राज्यात बालवाडीतल्या लठ्ठपणाची चिंता कशाला? प्रश्न रास्त आहे. पण २०१५-१६ च्या फेरीत जादा वजनाची मुले दोन टक्क्यांच्या आत होती. काही वर्षांत ती दुपटीवर गेली आणि खुजेपण मात्र जिथल्या तिथे राहिले. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुण्यात आढळली. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे मोजली आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. ही तूट मुख्यतः स्नायूंची आणि पोटातल्या अवयवांची होती. कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे हाडकुळ्या दिसणाऱ्या मुलातही मेदाचा वाटा मोठा असू शकतो. अशा मुलाला नुसते खाऊ घालून काट्यावरचा आकडा वाढवला, तर त्या वाढीत स्नायू किती आणि चरबी किती, हे काटा सांगत नाही. स्नायू घडायला आहाराइतकीच हालचाल लागते. म्हणून धावण्या-उड्या मारण्याची गरज गुटगुटीत मुलाला आहे, तशीच कुपोषणातून सावरणाऱ्या मुलालाही आहे.

यासाठी वयही नेमके बालवाडीचेच. पहिल्या वाढदिवसानंतर मूल उंचीच्या मानाने सडसडीत होत जाते आणि पाच-सहा वर्षांच्या सुमारास पुन्हा भरू लागते. हे वळण ज्यांच्यात लवकर येते, त्यांना पुढे लठ्ठपणाचा धोका अधिक असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी किमान तीन तास हालचाल सांगितली, त्यातला एक तास धाप लागेल अशा खेळाचा. सलग तासाभराहून अधिक वेळ बांधून ठेवू नये, असेही सांगितले. आपल्याकडे शहरातले कित्येक बालवर्ग इमारतीच्या दोन खोल्यांत भरतात आणि तिथे साडेतीन वर्षांचे मूल बाकावर बसून अक्षरे गिरवते. शिक्षण हक्क कायदा शाळेला मैदान बंधनकारक करतो, पण तो सहा वर्षांपासून पुढे लागू होतो. ज्या वयाला मोकळ्या जागेची सर्वांत जास्त गरज, त्याच वयाला कायद्याने मैदान दिलेले नाही. घरी खेळतील म्हणावे, तर सोसायटीच्या आवारात गाड्या उभ्या आणि घरात हाती मोबाइल.

नुसत्या व्यायामाने वजन उतरत नाही, हा आक्षेप मात्र खोडून काढता येणार नाही. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात पाच वर्षांखालच्या मुलांबाबत हेच दिसले: आहार आणि हालचाल दोन्हींवर एकत्र काम केले तिथे फरक पडला, तोही माफक, एकट्या हालचालीचा तसा परिणाम दिसला नाही. पण यामुळे अंगणवाडीचे महत्त्व उलट वाढते, कारण गरम ताजा आहार आणि मुलांचा समूह एकाच छताखाली असलेली जागा दुसरी नाही. खासगी बालवर्गांनीही डब्यातली बिस्किटे आणि वेफर्स बंद करून मगच खेळाचा तास मोजावा.

अंगणवाडी सेविकेवर मात्र आधीच नोंदवह्या आणि पोषण ट्रॅकर ॲपमधल्या नोंदींचा भार आहे. तिच्या माथी आणखी एक उपक्रम मारणे अन्यायाचे होईल. तिचे काही कागद कमी करूनच हा तास द्यायला हवा. त्यासाठी साहित्याची खरेदीही नको. लंगडी, शिवणापाणी, विषामृत, मामाचं पत्र हरवलं यांना खडूची एक रेघ किंवा एखादा रुमाल पुरतो. जागेची सबब तर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ पासूनच निकालात काढली: आदिवासी पाड्यांवर झोपड्यांपुढच्या अंगणातच त्यांनी बालवाडी भरवली. शहरात जवळचे पालिकेचे उद्यान किंवा शाळेचे मैदान सकाळी तासभर बालवर्गांसाठी राखून ठेवता येईल. पालिकांनी हे येत्या जूनपासून करावे, आणि ज्या खासगी बालवर्गाला अशी जागा दाखवता येत नाही त्याला परवानगी देऊ नये.