त्याच वीस गाण्यांची दिवाळी

दिवाळीच्या पहाटे गाणी ऐकावीत, या रिवाजाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती गाण्यांच्या यादीला. गेली दहा वर्षे वर्ध्याला, नागपूरला, एकदा अमरावतीला या पहाटमैफली मी ऐकल्या. गायक बदलले, निवेदकांचे झब्बे बदलले. यादी बदलली नाही. कोणत्या गाण्यानंतर कोणते येणार, हे मंडपाबाहेरचा चहावालाही सांगेल. वीस, फार तर पंचवीस गाणी! आणि तेवढ्यालाच ‘भावगीतांचा सुवर्णकाळ’ म्हणून मोकळे व्हायचे.

एका संयोजकाला मी हे बोलून दाखविले. ते म्हणाले, “गुरुजी, लोकांना हेच लागते.” हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. दुकानदाराने दुकानात एकच माल ठेवायचा आणि वर, गिऱ्हाइकाची आवड पाहा, असे म्हणायचे, त्यातला हा प्रकार आहे. लोकांना दुसरे काही कधी दिलेत का, हा माझा साधा प्रश्न आहे.

मी आंजीचा शाळामास्तर, मॅट्रिकपर्यंत शिकलेला. कादंबऱ्या लिहितो, रागदारीवर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण माझ्याजवळ एका पत्र्याच्या पेटीत दीडेकशे जुन्या तबकड्या आहेत. कुठे आठवडी बाजारात, कुठे मोडीच्या दुकानात, कुठे कुणाच्या माळ्यावर मिळालेल्या. लाखेच्या त्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटे वाजते, आणि हातून सुटली तर बांगडीसारखी फुटते. त्या पेटीच्या आधाराने मी बोलतो आहे.

आरंभ आपल्याच अंगणातून करू. मेहकरला वकिली केलेले ना. घ. देशपांडे, आणि नागपूरचे, तेही कायदाच शिकलेले, जी. एन. जोशी. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता जोशींनी गायिली, आणि १९३२ च्या सुमारास तिची ध्वनिमुद्रिका निघाली. मराठी भावगीताच्या इतिहासातले हे एक पहिले पान. ‘शीळ’ हा कवितासंग्रह छापून आला तो १९५४ साली. म्हणजे वीसएक वर्षे ती कविता पुस्तकावाचून, केवळ गळ्यावर आणि सुईवर जगली! आज वऱ्हाडातल्या मंचावरही ती ऐकू येत नाही. पुढे राम फाटकांच्या चालीवर सुधीर फडक्यांनी याच कवीचे ‘अंतरीच्या गूढगर्भी’ गायिले. ते शांतपणे, एकट्याने, दिवा बारीक करून ऐकावे. टाळ्यांचे ते गाणे नव्हे, आणि म्हणूनच बहुधा ते यादीत बसत नाही.

दुसरे सांगतो. कवी अनिल मूर्तिजापूरचे. वसंतराव देशपांडेही जन्माने मूर्तिजापूरचेच. अनिलांचे ‘कुणी जाल का’ यशवंत देवांनी बांधले नि वसंतरावांनी गायिले. पहाटमैफलीत वसंतराव म्हणजे १९६७ चे ‘कट्यार काळजात घुसली’, असे समीकरण ठरून गेले आहे. त्या नाटकातले खाँसाहेब थोर, वाद नाही. पण इथे तानांचा तो बहाद्दर किती सांभाळून, किती हळू पावलांनी शब्दाजवळ जातो, ते पाहण्यासारखे आहे. आठवीच्या वर्गात मी हे गाणे लावले. गाणे संपले तेव्हा मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, “गुरुजी, आणखी एकडाव लावा नं.” या पोराची गणना संयोजकांच्या ‘लोकां’त होते की नाही?

आणि राजा बढे! हे नागपूरचे. त्यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ साली राज्यगीत झाले. माझ्या शाळेतली मुले ते रोज म्हणतात. पण याच हाताने ‘माझिया माहेरा जा’ लिहिले, त्याला चाल दिली पु. ल. देशपांड्यांनी आणि गायिले ज्योत्स्ना भोळ्यांनी, हे विचारले तर शिक्षकांच्या खोलीतही चुळबूळ होते. पोवाड्याच्या थाटाचा एक कवी आपण ठेवून घेतला, आणि हळव्या मनाचा तोच कवी वाटेत सांडला.

लोकप्रियतेच्या शिखरावर बसलेले ‘गीतरामायण’ तरी घ्या. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून छप्पन्न गीते झाली. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव असे नाना आवाज होते. मंचावर आज किती येतात? सहा, सात. उरलेल्या गीतांतले रामायण कोणी ऐकायचे?

तुकडोजी महाराजांचे तर नावच घेऊ नये. महाराज १९६८ साली गेले. खंजिरीवरची त्यांची भजने आमच्याकडे सायंप्रार्थनेत अजून म्हटली जातात. शहरी मंचाच्या लेखी ते गाणेच नव्हे. का? तबल्याऐवजी खंजिरी असते म्हणून?

यावर एक तयार उत्तर असते : आता सारे मोबाइलवर मिळते, ज्याला हवे त्याने ऐकावे. मिळते, कबूल. पण मागायला नाव ठाऊक असावे लागते. आणि ते यंत्रही मोठे लबाड आहे; जे पुष्कळांनी ऐकले तेच ते पुन्हा पुढे करते. एका नव्या संयोजकाचीच त्यात भर पडली, दुसरे काय!

तेव्हा संयोजक महाशय, येत्या पहाटेला पंधरा गाणी खुशाल तुमचीच ठेवा. पाच जागा सोडा : देशपांड्यांना एक, अनिलांना एक, बढ्यांना एक, गीतरामायणातल्या न गायिलेल्या गीताला एक, खंजिरीला एक. गाण्याआधी कवीचे नि चाल बांधणाऱ्याचे नाव घ्या. निवेदकाने त्यासाठी एक विनोद कमी केला तरी चालेल. चाली हव्या असतील तर माझी पेटी उघडी आहे. तबकड्या आंजीबाहेर जाणार नाहीत, एवढी अट आहे. इकडे येऊन, जमिनीवर बसून ऐकाव्या लागतील. आणि त्या पाच गाण्यांना श्रोते उठून गेले, तर मंडपातल्या चहाचे बिल माझ्या नावाने पाठवा.