नारळाला जागा, पोरीला मांडी

गौरी-गणपती आटोपून चिपळूणहून कराडला परत निघायचं म्हणजे आमच्याकडे गाडी भरण्याचा एक सोहळाच असतो. दारातल्या माडाचे नारळ, तळलेले गरे, आमसुलं, तांदळाचं पीठ, सासूबाईंनी खास केलेल्या ओल्या नारळाच्या वड्या आणि कुणीतरी हौसेनं दिलेलं जास्वंदीचं रोप. मैत्रिणींनो, हे सगळं एका गाडीत बसवणं येरागबाळ्याचं काम नाही. आमच्या घरी ते खातं माझ्याकडे आहे. गाडी धुणं, हवा भरणं, पेट्रोल टाकणं ह्यांच्याकडे आणि गाडीच्या आत जे काही असेल ते माझ्याकडे. तुमच्याकडेही बहुतेक असंच असेल.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी मी गाडी इतकी छान लावली होती की माझं मलाच कौतुक वाटलं. नारळाचं पोतं डिकीत तळाला, हलू नये म्हणून बाजूनं चादरी खोचलेल्या. वड्यांचा डबा टॉवेलात गुंडाळलेला. रोपाची कुंडी माझ्या पायांत, कारण मातीचा भरवसा नाही. आणि माणसं? पाच जणांच्या गाडीत आम्ही सात. मागे मी, सासूबाई, नणंद आणि आठ वर्षांचा थोरला. पुढे ह्यांच्या शेजारी सासरे आणि त्यांच्या मांडीवर तीन वर्षांची धाकटी. तिला पुढची काच आवडते ना!

कुंभार्ली घाट चढून वर आलो, कोयनानगर मागे पडलं. पाटणच्या अलीकडे एका वळणावर म्हैस आडवी आली. ह्यांनी करकचून ब्रेक दाबला. म्हैस वाचली, गाडी वाचली. धाकटी मात्र आजोबांच्या हातातून सुटली आणि डॅशबोर्डवर आपटली. ओठ फाटला. पाटणला दवाखाना गाठून दोन टाके घालावे लागले. सासरे बिचारे दवाखान्याच्या पायरीवर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होते. "घट्ट धरली होती गं मी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

रात्री घरी येऊन डिकी उघडली. एकही नारळ तडकला नव्हता. वड्यांचा डबा उघडला, एका वडीचा कोपराही मोडला नव्हता. मी तिथेच मटकन खाली बसले. नारळाची इतकी काळजी घेतली, वडीची घेतली, कुंडीची घेतली. गाडीत प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा होती. पोरीला मात्र मांडी!

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालंय. गाडी नीट लावायची म्हणजे नुसत्या पिशव्या लावायच्या नाहीत. आधी मुलांची जागा ठरवायची, मग उरलेल्या जागेत सामान बसवायचं. आपण नेमकं उलटं करतो. सामान आधी आणि मुलं 'कुठंही मावतात'.

मांडीसारखी सुरक्षित जागा नाही, असं आपल्याला मनापासून वाटतं. घरात ते खरंच आहे, धावत्या गाडीत नाही. गाडी एकदम थांबते तेव्हा आतलं माणूस त्याच वेगानं पुढे जात असतं. दहा किलोचं बाळ त्या क्षणी कितीतरी पटींनी जड होतं आणि कुठल्याच आईचे किंवा आजोबांचे हात त्याला धरू शकत नाहीत. त्यातून पुढच्या सीटसमोर आता एअरबॅग असते. ती डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडते. मांडीवरचं मूल मग ती पिशवी आणि मोठं माणूस यांच्या मधोमध सापडतं. मोठ्यांना वाचवणारी वस्तूच लहानग्याला घातक ठरू शकते. म्हणून मुलं मागेच हवीत, आणि मागेसुद्धा पट्ट्यात.

'मागे कशाला पट्टा?' असं आमच्याकडेही म्हटलं जायचं. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघे गेले. त्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी भारीतली होती, पण पट्टा न लावणाऱ्यासाठी गाडी तरी काय करणार?

कायदाही आता स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा न लावता किंवा मुलांच्या खास सीटवर न बसवता गाडी चालवली, तर चालवणाऱ्याला १००० रुपये दंड आहे. पण आपल्या गावात कोण अडवतंय, म्हणून आपण सोडून देतो. म्हैस मात्र पावती फाडत नाही, ती थेट ब्रेक लावायला लावते.

आता गंमत ऐका. पट्टे लावायचे ठरवलं, तर मागच्या सीटची बक्कलंच सापडेनात! गाडी घेतली त्याच आठवड्यात हौसेनं सीट कव्हर चढवली होती, त्याखाली ती गाडली गेलेली. अर्धा तास खुडबुड करून, कव्हरला दोन ठिकाणी कात्री लावून ती वर काढली. तुम्हीही आज बघाच, तुमची कुठे आहेत ती.

मग लहान मुलांची सीट आणली. काही हजार रुपये गेले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आमची पोरं बैलगाडीतून हिंडली. काय झालं त्यांना?" मी म्हटलं, "आई, बैलगाडी ताशी ऐंशीनं पळत नव्हती." त्या काही बोलल्या नाहीत, पण सीटवर घालायला मऊ दुपटं त्यांनीच काढून दिलं. मोठ्या मुलांनाही नुसता पट्टा पुरत नाही बरं का. साधारण साडेचार फूट उंची होईपर्यंत तो गळ्यावर येतो, म्हणून खाली उंच करणारी पक्की बैठक हवी. उशी ठेवून भागवू नका, ती सरकते.

आणि सात जणांचं काय? तेही सरळ आहे. पाच जणांच्या गाडीत पाचच. मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे. नणंद आणि मी कितीदा तरी एसटीनं गेलोय, आणि खरं सांगू, मुलांची भांडणं न सोडवता केलेला तो प्रवास म्हणजे माहेरपणच!

मुलांची जागा ठरली की बाकीची व्यवस्था आपोआप सुटसुटीत होते. जड सामान डिकीत, तळाला. मागच्या काचेखालच्या फळीवर काहीही नाही, छत्रीसुद्धा नाही. ब्रेक लागला की ती थेट डोक्यात येते. पाण्याच्या बाटल्या दाराच्या कप्प्यात. घरंगळलेली बाटली चालवणाऱ्याच्या ब्रेकखाली अडकली तर काय होईल, विचार करा. ओकारीसाठी आइस्क्रीमचे रिकामे, झाकणाचे डबे मी जपून ठेवते. पिशवीपेक्षा ते बरे, सांडत नाही आणि घाटात थांबायला जागा मिळेपर्यंत वासही येत नाही. घाट लागायच्या आधी पोटभर खायला द्यायचं नाही आणि मोबाइल हातात द्यायचा नाही. मान खाली घातली की मळमळ वाढते. लांबवर बाहेर बघायला सांगायचं. लहानग्यांना चालत्या गाडीत शेंगदाणे, फुटाणे नकोत, घशात अडकतात. केळं किंवा दशमी द्यावी, तीही गाडी थांबवून.

एक गोष्ट मात्र कितीही घाई असली तरी करायची नाही. 'पाच मिनिटांत भाजी घेऊन येते' म्हणून मुलांना बंद गाडीत सोडायचं नाही. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते, आणि लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं. झोपलं असेल तरी उचलून घ्या.

हे सगळं आईनंच बघायचं का? मुळीच नाही. आता आमच्याकडे थोरल्याकडे पाण्याच्या बाटल्या, ह्यांच्याकडे प्रत्येकाचा पट्टा तपासणं. सगळ्यांचे पट्टे लागल्याशिवाय हे किल्ली फिरवत नाहीत. चालवणारा तोच, दंड त्यालाच, मग जबाबदारीही त्याची!

गेल्या वर्षी चिपळूणहून निघताना थोरला आत्याबरोबर एसटीनं पुढे गेला होता, म्हणून मागची एक जागा रिकामी होती. नारळाचं पोतं डिकीत मावेना, ते त्या जागेवर ठेवलं. सासूबाईंनी आधी नातीचा पट्टा ओढून बघितला, मग स्वतःचा लावला आणि शेवटी वाकून पोत्यालाही पट्टा लावला. मला म्हणाल्या, "हसू नकोस. ब्रेक लागला तर हे माझ्याच नातीच्या अंगावर यायचं."