रान विकायच्या आधी बी-१ काढा

हट्ट्यात सध्या दोन विषय हमखास निघतात. एक हळदीचा भाव, दुसरा जर्मनी. हळद जुनीच आहे, जर्मनी मोबाइलमधून आली. 'हातात नोकरी नसली तरी चालतंय, आधी व्हिसा काढा आणि तिथं जाऊन नोकरी शोधा,' असं सांगणारं रील तुमच्याही स्क्रीनवर आलंच असेल. त्यातली माहिती खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी माहीत नसल्यानं घरचं रान जाऊ शकतं, म्हणून हे लिहितोय.

जर्मनीनं १ जून २०२४ पासून 'चान्सनकार्ट', म्हणजे संधी कार्ड सुरू केलं. नोकरी नसतानाही तिथं एक वर्षापर्यंत राहून ती शोधता येते. त्या काळात आठवड्याला २० तास पार्टटाइम काम करायची मुभा असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारनं भारतीय कुशल कामगारांना वर्षाला २० हजारांऐवजी ९० हजारांपर्यंत व्हिसा देण्याचं जाहीर केलं. तिकडे माणसं कमी पडतायत, हे खरंच आहे. प्रश्न असा की त्या दारातून आपल्याकडचं पोरगं आत जातं का?

पहिली अट शिक्षणाची. मान्यताप्राप्त पदवी हवी, नाहीतर किमान दोन वर्षांचं व्यावसायिक प्रशिक्षण. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, म्हणजे नुसत्या त्यावर काम भागत नाही. फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे आहेत, पण त्यांचीही जर्मन कार्यालयाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. पदवीवाल्यांनी 'अनाबिन' या जर्मन वेबसाइटवर आपलं विद्यापीठ आणि आपली पदवी कशी नोंदलीय ते आधी बघावं. त्याला पैसे लागत नाहीत आणि एजंटही लागत नाही. शिवाय भाषेची किमान अट आहेच: जर्मनची ए-१ किंवा इंग्रजीची बी-२ पातळी.

त्यानंतर गुण येतात. सहा गुण पाहिजेत. वय ३५ च्या आत असेल तर दोन मिळतात. जर्मन ए-२ ला एक, बी-१ ला दोन, बी-२ ला तीन. शिक्षणाशी संबंधित दोन वर्षांचा अनुभव गेल्या पाच वर्षांतला असेल तर दोन. तिकडे तुटवडा असलेल्या क्षेत्रातलं शिक्षण असेल तर एक. आता नुकत्याच पास झालेल्या २२ वर्षांच्या मुलाचा हिशोब करा. वयाचे दोन मिळाले आणि गाडी तिथंच थांबली. त्यानं बी-२ काढली तरी पाचच होतात. पण तोच मुलगा पुण्यात दोन वर्षं आपल्याच क्षेत्रात काम करतो आणि बी-१ पास होतो, तेव्हा दोन, दोन आणि दोन असे सहा पूर्ण होतात. अनुभव कागदावर दिसला पाहिजे, हेही लक्षात घ्या. कॉमर्सच्या मुलानं मोंढ्यात वहीखाते लिहिले पण पगाराची पावती नाही, अनुभवाचं पत्र नाही, तर तो दोन गुणांचा दावा करणार कशावर?

मग पैसा. २०२५ साठी महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये दाखवावे लागत होते. रुपयांत ते १३ लाखांच्या आसपास जातात. ही फी नाही. पैसे तुमचेच असतात, दर महिन्याला ठरलेली रक्कम खर्चायला मिळते. पण ते आणायचे कुठून? दोन-तीन एकरवाल्या घरात याला एकच उत्तर असतं, आणि ते सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं.

माझा आक्षेप इथंच आहे. आपल्याकडे क्रम उलटा लागतो. आधी पैसा उभा करायचा, मग एजंट गाठायचा आणि भाषा 'तिथं गेल्यावर शिकू'. व्हिसा नाकारला गेला तर काय उरतं? १ जुलै २०२५ पासून जर्मनीनं व्हिसा नाकारल्यावर दूतावासाकडेच फेरविचार मागायची सोयही बंद केलीय. नव्यानं अर्ज करा, नाहीतर जर्मनीतल्या कोर्टात जा. आणि व्हिसा मिळाला, भाषा मात्र नाही, तर बारा महिने बघता बघता संपतात. बी-१ चं तसं नाही. व्हिसा नाही मिळाला तरी ती तुमच्यापाशी राहते. पुणे-चाकणकडे जर्मन कंपन्या कमी नाहीत. शिवाय बी-१ असेल तर 'आउसबिल्डुंग'चा, म्हणजे काम करत शिकायचा रस्ता उघडतो. त्यात दरमहा विद्यावेतन मिळतं. संधी कार्डापेक्षा तो रस्ता आपल्या घरांना जास्त परवडणारा आहे, पण रीलवाले त्याबद्दल फारसं बोलत नाहीत.

एजंटांबद्दल एकच सांगतो. भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत भरती एजंटांची यादी आहे आणि त्यांना सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. यादीत नाव नसलेला माणूस 'टुरिस्ट व्हिसावर चल, तिकडे काम लावून देतो' म्हणाला, तर उठून घरी या. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या सायबर ठगीच्या अड्ड्यांतून पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. त्यांनाही चांगल्या नोकरीचंच आमिष दाखवलं होतं.

पण सगळी जबाबदारी पोरांवर टाकून कसं चालेल? महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. दहा हजार तरुणांची घोषणा झाली. घोषणेनं जर्मन येत नाही, रोज संध्याकाळी दोन तास बसल्यानं येते. तो वर्ग वसमतच्या कॉलेजात, हिंगोलीच्या आयटीआयमध्ये का नसावा? केरळनं 'नॉर्का'सारखी सरकारी यंत्रणा उभी केली आणि 'ट्रिपल विन' योजनेतून नर्सना स्वतःचा खर्च न करता जर्मनीला पाठवलं. मराठवाड्यातल्या नर्सिंगच्या मुलींनी असं काय घोडं मारलंय? जर्मन शिकवणारा एक शिक्षक आणि परीक्षेच्या फीला मदत, एवढी मागणी प्रत्येक कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी लेखी द्यावी. ती काही फार मोठी नाही.

जायचं असेल तर जरूर जा. गावात राहणाराच खरा, असलं काही मी मानत नाही. फक्त आजपासून दीड-दोन वर्षांचा बेत आखा: कागद तपासणं, भाषा, कागदावर दिसणारा अनुभव, आणि पैशाचं सगळ्यात शेवटी. वडिलांकडे सातबाऱ्याचा विषय काढायचाच असेल, तर त्याआधी त्यांच्यासमोर बी-१ चं सर्टिफिकेट ठेवा. मग जो काही निर्णय होईल, तो निदान डोळे उघडे ठेवून होईल.