कॅमेऱ्यामागची बाई

"मोबाईलमध्ये आहे ना कॅमेरा? मग तीन दिवस घर सोडून शिकायचं काय त्यात?"

फोटोग्राफीच्या कार्यशाळेत नाव नोंदवलं म्हटल्यावर घरातून आलेला हा पहिला प्रश्न. दुसरा सासूबाईंचा, "संगं कोन हाय?" तिसरा मुलाचा, "आई, फी किती आहे?" हाच मुलगा मागच्या वर्षी मित्रांबरोबर लडाखला जाऊन आला. तिथे जाऊन तू काय शिकणार, असं तेव्हा त्याला घरात कुणीही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी तर चिवड्याचे डबे भरून दिले होते.

माझं वय बावन्न. यवतमाळात संसार आणि नोकरी करता करता तीस वर्षं गेली. बारशी, वाढदिवस, लग्नं, सगळ्यांचे अल्बम कपाटात आहेत. परवा मुद्दाम काढून बघितले, तर त्यातला एकही फोटो मी काढलेला नाही. कॅमेरा कायम घरातल्या पुरुषांच्या हातात. आपण पदर सावरून समोर उभं राहायचं, "जरा हसा" म्हटलं की हसायचं. तुमच्या घरचे अल्बम काढून बघा, मैत्रिणींनो. फारसं वेगळं दिसणार नाही.

तर गेले एकदाची. पांढरकवड्याच्या पुढे, टिपेश्वरच्या जंगलाजवळ मुक्काम. आठच जणांची बॅच, त्यात आम्ही पाच बायका. एक शिक्षिका, एक नर्स, एक बँकेतून नुकतीच निवृत्त झालेली, एक कॉलेजातली मुलगी आणि मी.

लहान गटाचं महत्त्व तिथे कळलं. यापूर्वी एकदा मी चाळीस-पन्नास जणांच्या शिबिरात बसले होते. पुढच्या रांगेत मोठमोठ्या लेन्सवाले. त्यांचेच प्रश्न आणि त्यांनाच उत्तरं. "अ‍ॅपर्चर म्हणजे नेमकं काय हो?" एवढं विचारायची माझी हिंमत झाली नाही. इथे पहिल्याच तासाला विचारलं. शिकवणाऱ्यांनी खोलीचा पडदा धरून दाखवला. पडदा जेवढा सरकवाल तेवढा उजेड आत येणार, ते अ‍ॅपर्चर. किती वेळ तो उघडा ठेवाल, तो शटर स्पीड. बस्स! पडदा तर आपण रोज सरकवतो. मग इतकी वर्षं आपण या शब्दांना घाबरलो कशाला?

संध्याकाळी प्रत्येकीचे फोटो भिंतीवर लावून बघायचे. माझ्या दोनशे फोटोंपैकी सहा टिकले. बाकीचे का पडले, ते हसं न होता समजलं. आणि हो, जंगलात गाडी किती वेळाने आणि कुठे थांबणार, हे आठ जणांत मोकळेपणी विचारता येतं. मी काय म्हणतेय ते बायकांना कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सफारी. टिपेश्वर अभयारण्य १९९७ सालचं, जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. २०१९ साली इथून निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरच्या आसपास चालत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला आणि या लहानशा जंगलाचं नाव देशभर झालं. आता दूरदूरच्या फोटो टूर इथे येतात. आम्हालाही वाघ दिसला. मिनिटभरच. आठही कॅमेरे खटाखट वाजले. माझ्या फोटोत वाघाची शेपूट आणि बरंच गवत आलं. तरी आनंद मावत नव्हता.

परत येताना रस्त्याकडेला कापसाची वेचणी चालली होती. गाडी थांबली. कमरेला फडकी बांधलेल्या पाच-सहा बाया. त्यातली एक माझ्याच वयाची. तिने विचारलं, "वाघ दिसला का वो बाई?" मी म्हटलं, "हो, दिसला ना!" ती हसली. म्हणाली, "तुमाले दिसला त तुमी फोटू काढता. आमाले दिसला त आमी पयतो."

माझं हसू तिथेच थांबलं. हाच तर तो पट्टा. राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीची दहशत होती, तिच्याशी तेरा माणसांचे मृत्यू जोडले गेले होते. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली. तिला मारायला हवं होतं की नको, यावर देशभर वाद झाला. पण ते ऐन वेचणीचे दिवस होते, आणि त्या दिवसांत जीव मुठीत धरून शेतात उतरणाऱ्या बायांचा विचार त्या वादात किती जणांनी केला?

इकडे आमच्या शिकवणाऱ्यांनी फोटोची तयारी सुरू केली होती. "मावशी, ते गाठोडं डोक्यावर घ्या. इकडे बघू नका, लांब बघा. हसू नका." गाठोडं वजनाचं होतं. ते दोनदा उतरवून पुन्हा डोक्यावर घ्यायला लावलं. त्या बाईने निमूट सगळं केलं आणि शेवटी एवढंच म्हणाली, "लय जन फोटू काढून गेले बाई. एकबी हाती आला नाई."

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या गळ्यातला कॅमेरा मला जड झाला.

आपल्या जिल्ह्यात कॅमेरे आजच आलेले नाहीत. गेली वीस-पंचवीस वर्षं ते येताहेत, ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमागे. एक फोटो तर ठरूनच गेला होता. मातीच्या भिंतीशी बसलेली तरुण विधवा, हातात नवऱ्याच्या फोटोची फ्रेम, डोळ्यांत पाणी. जळका गावच्या कलावतीबाई बांदूरकरांचं नाव २००८ साली लोकसभेत घेतलं गेलं आणि त्यांच्या अंगणात कॅमेऱ्यांची गर्दी झाली. त्या फोटोंमुळे जगाला आमचं दुःख कळलं, हे मी नाकारत नाही. पण बाई रडतेय तोवरच फोटो. ती दुसऱ्या दिवशी उठून निंदणाला गेली, लेकराची फी भरली, बँकेत भांडली, त्याचा फोटो कुठे आहे? ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांतल्या खेड्यांत फिरून कष्टकरी बायकांचे फोटो काढले. त्या प्रदर्शनाच्या नावाचा अर्थच असा होता, की काम दिसतं, ते करणारी बाई दिसत नाही.

आणि ही बाई बोलू लागली की कशी बोलते, तेही यवतमाळनेच बघितलंय. जानेवारी २०१९ मध्ये इथल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. शेतकऱ्याची विधवा म्हणून त्यांना बोलावलं, पण त्या मंचावर त्या स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या बोलीत बोलल्या. हातात फ्रेम घेऊन गप्प बसलेल्या नव्हत्या.

मग मी काय म्हणतेय? बायकांनी या फोटो टूरला जाऊच नये? अजिबात नाही. उलट जरूर जावं, असंच माझं मत आहे. होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला छायापत्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. पुढे त्यांनी स्वतःचं नाव मिळवलं, २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. आपल्याला पद्म नको, पण स्वतःच्या नजरेने काढलेला एक फोटो तरी हवा की नको? जन्मभर आपल्याला लोक बघत आले. आपण कधी बघायचं? साडीवर, भिशीवर, लग्नाच्या आहेरावर पैसे जातातच. वर्षातून एकदा तीन दिवस आणि थोडे पैसे स्वतःच्या डोळ्यांसाठी खर्च केले तर घर पडत नाही. माझं पडलं नाही. कुकर लावता येतो हे घरातल्या दोघांना या निमित्ताने कळलं, हा फायदाच.

मात्र नाव नोंदवण्याआधी थोडी चौकशी करा. एका शिकवणाऱ्यामागे किती जण आहेत? बरोबर आणखी बायका आहेत का? मुक्काम कुठे आहे? महागडा कॅमेरा घ्यावाच लागेल का, की आहे त्यावर शिकवतील? आणि मी आता आणखी एक प्रश्न विचारते. माणसांचे फोटो काढणार असाल, तर त्यांना विचारून काढता का, आणि ते त्यांच्यापर्यंत पोचवता का? जनावरांच्या बाबतीतही तेच. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. कशासाठी? एका फोटोसाठीच ना!

यात आपण बायका वेगळं काही करू शकतो, असं मला मनापासून वाटतं. कारण कॅमेऱ्यासमोर उभं केलं जाणं म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. पाच बायका बांधावर बसल्या, भाकरीचा तुकडा मोडला, तर समोरची बाई आपोआप बोलू लागते. ती ठरवेल तिला कसं दिसायचं ते. आणि आपल्याच जिल्ह्यात काढण्यासारखं काय कमी आहे? पोळ्याचे सजवलेले बैल, कोलाम पोडावरची सारवलेली अंगणं, दिवाळीतली दंडार, पावसाळ्यातलं सहस्रकुंड. यासाठी लडाख लागत नाही.

पंधरा दिवसांनी मी यवतमाळच्या स्टुडिओतून फोटो धुऊन आणले आणि एसटीने त्या गावी गेले. त्या दिवशी गाडी निघताना बाया आपसात हसत होत्या, तेव्हा काढलेला एक फोटो होता. भिंतीवर टिकलेल्या सहात तो नव्हता, थोडा हललेला होता. तो हातात घेऊन तिने बराच वेळ बघितला. "मी अशी दिसतो का वो?" मग म्हणाली, आधार कार्डावरच्या फोटोशिवाय तिचा एकटीचा फोटोच नाही, आणि त्यातला चेहरा तर घरच्यांनाही ओळखू येत नाही.

तिने फोटो देवाच्या फळीवर ठेवला. चहा झाला. निघताना तिने हात पुढे केला, "द्या इकडं. आता तुमचा काढतो." कुठलं बटण दाबायचं ते मी दाखवलं. फोटो वाकडा आलाय, माझं कपाळ कापलं गेलंय आणि मागे अर्धी शेळी दिसते आहे. अल्बममध्ये मी तोच सगळ्यात आधी लावला.