गृहव्यवस्था : थंडींतील ऊब आणि जळण

मार्गशीर्ष लागला कीं, पन्हाळ्यास सायंकाळीं दारें लवकर मिटूं लागतात. कोल्हापुराहून अवघ्या २० किलोमीटरांवर, पण तीन हजार फुटांच्या आसपास उंचीवर वसलेलें, कविवर्य मोरोपंतांच्या जन्मानें (१७२९) धन्य झालेलें हें गांव. खालीं शहरांत एक शाल पुरते, तेथें गडावर दोन घ्याव्या लागतात. अशा वेळीं घरोघर पेटणारी शेगडी आणि बंबांतून निघणारा धूर ह्यांविषयीं आज चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण घरांतील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत तान्ह्या अशा दोन जिवांशीं त्याचा निकट संबंध आहे.

प्रथम जळणाचा विचार करूं. दिवाळी झाल्यावर वखारींतून ओलें लांकूड आणावयाचें आणि तें धुमसूं लागलें म्हणजे फुंकणी घेऊन बसलेल्या सुनेस बोल लावावयाचा, हा प्रकार पुष्कळ घरांत आढळतो. वस्तुतः दोष सुनेचा नसून पाण्याचा असतो. नुकत्याच तोडलेल्या लांकडाचें निम्म्याच्या सुमारास वजन पाण्याचें असतें. त्या पाण्याची वाफ करण्यांतच लांकडाची सुमारें सातवा हिस्सा उष्णता खर्चीं पडते. खरा तोटा तर ह्याहून मोठा आहे. वाफेमुळें ज्वाला थंडावते, आणि ज्वाला थंडावली कीं लांकडांतून निघणारे ज्वालाग्राही वायु न जळतांच धुराच्या रूपानें बाहेर पडतात. धूर म्हणजे न जळलेलें जळणच होय. जितका धूर डोळ्यांत गेला, तितकी ऊब हातची गेली.

म्हणून अतिवृष्टीच्या ठिकाणीं जळणाचें पंचांग वर्षभर आधीं मांडावें. ह्या हिवाळ्याचें लांकूड गेल्या हिवाळ्यांतच फोडलेलें असावें. माघापासून वैशाखापर्यंतचें ऊन त्यास मिळावें, आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं तें पडवींत, जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीस न चिकटवतां रचावें. ओंडके तसेच ठेवूं नयेत. साल आंतील ओल अडवून धरते, म्हणून ते फोडून ठेवावे. दोन तुकडे एकमेकांवर आपटले असतां खणखणीत आवाज आला व टोकांस चिरा दिसल्या, म्हणजे लांकूड वाळलें असें समजावें. बद्द आवाज आला तर थांबावें.

ह्यांत नवें कांहीं नाहीं. गडाखालील गुऱ्हाळांत जाऊन पाहावें. उंसाचें चिपाड चरकांतून निघतांच कोणी चुलवाणांत लोटीत नाहीं. तें उन्हांत पसरून, कडकडीत वाळवून मगच जाळतात. चुलवाणाच्या जाळावर गुळाचा रंग अवलंबून असतो, म्हणून तेथें ही शिस्त पाळली जाते. आपल्या माजघरांत जीव अवलंबून असतात. तेथें ती कां पाळूं नये?

दुसरी गोष्ट, ऊब कोणास द्यावयाची ही. आपली थंडी हिमालयाची नव्हे. तेथें लोखंडी बुखारी ठेवून, तिचें नळकांडें छपराबाहेर काढून, सबंध खोली तापवितात. आपल्या कौलारू घरांत तसें करूं म्हटलें तर ऊब कौलांच्या फटींतून निघून जाते, आणि उघड्या आगीपुढें बसणाऱ्याचें तोंड भाजतें व पाठ गारठते. तेव्हां घर तापविण्यापेक्षां माणसास ऊब द्यावी. ह्या कामीं आपला तांब्याचा बंब मोठा शहाणा आहे. मध्यें नळींत विस्तव आणि सभोंवार पाणी, अशा रचनेमुळें जाळ वर जातां जातां चोहोंकडून पाण्यास उष्णता देतो. चुलीवरील हंड्यास तो मुख्यतः बुडाशींच मिळतो. गरम पाण्याची रबरी पिशवी नीट गुंडाळून वृद्धांच्या पायांशीं ठेवावी. दुलया दुपारच्या उन्हांत तापवाव्या. दक्षिणेकडील खिडक्या दुपारीं उघडाव्या व उन्हें कलतांच लावाव्या. एवढ्यानेंही निम्मी शेगडी वांचते.

आतां मुख्य मुद्दा. बाळंतिणीच्या बाजेखालीं कोळशाची शेगडी, जोडीस ओवा-शेपांची धुरी, आणि वारा लागूं नये म्हणून खिडक्यांच्या फटींत कोंबलेल्या चिंध्या, हा आपल्या आज्या-पणज्यांचा प्रेमळ प्रघात. हेतूविषयीं शंका नाहीं. तान्हें मूल स्वतःची ऊब राखूं शकत नाहीं, हें त्यांनीं अचूक ओळखलें होतें. परंतु निखारा धूर करीत नाहीं म्हणून तो निर्दोष, हा समज प्राणघातक आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्याशीं प्राणवायूचा संयोग व्हावयाचा, त्यास हा वायु दोनशें पटींहूनही अधिक घट्ट बिलगतो. डोकें जड होतें, मळमळतें, ग्लानि येते. आणि माणसास वाटतें कीं, ऊब मिळाल्यामुळें गाढ झोंप लागत आहे. तान्ह्या बाळास तर डोकें दुखतें असें सांगतांही येत नाहीं. उत्तर हिंदुस्थानांतून बंद खोलींत शेगडी ठेवून निजलेलीं माणसें सकाळीं मृत आढळल्याच्या वार्ता हिवाळ्यांत वारंवार येतात.

म्हणून नियम एकच. जळती शेगडी निजण्याच्या खोलींत रात्रीं ठेवूं नये. शेक द्यावयाचाच तर दिवसां, खिडक्या उघड्या ठेवून द्यावा आणि शेगडी लगेच बाहेर न्यावी. धुरी मात्र बाळाच्या नाकाशीं नकोच. बाळास ऊब हवी ती आईच्या अंगाची. त्यास तिच्या उघड्या छातीशीं धरून वरून पांघरूण घालावें. दक्षिण अमेरिकेंतील बोगोटा शहरीं १९७८ सालीं कमी वजनाच्या बालकांसाठीं हीच रीत सुरू झाली, आणि आज ती जगभर मान्य आहे. पण पहिलटकरीण सून हें सासूबाईंपुढें कसें बोलणार? शेगडी बाहेर काढण्याची आज्ञा घरांतील वडील स्त्रियांनींच दिली पाहिजे. मान त्यांचा आहे, तशी जबाबदारीही त्यांचीच आहे.

स्वयंपाकघरांत गॅस आल्यानें पुष्कळ घरांतील चूल निमाली. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें तो गरिबांच्या घरींही पोहोंचविण्याचा प्रयत्न आरंभिला. तरी २०२० सालीं घरांतील इंधनाच्या धुरानें जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या घरीं आतां उरतो तो न्हाणीघरांतील बंब. थंडीच्या स्वच्छ दिवसांत त्याचें काम गच्चीवरील सौरबंब करूं शकतो. पावसाळ्याच्या धुक्यांत मात्र लांकडावांचून गत्यंतर नसतें. मग तें साठविलेलें, वाळलेलें लांकूड त्या दिवसांसाठीं राखावें हें बरें. गडाच्या उतारावरील झाडांचीं मुळेंच तेथील माती धरून ठेवतात. आणि डोक्यावर मोळी घेऊन तो उतार चढणाऱ्या बाईच्या मानेवरील भारही आपल्याच बंबाच्या हिशेबांत धरावयास हवा.

सारांश, जळण वाळलेलें असावें, विस्तव वाऱ्याच्या वाटेवर असावा, आणि निजतेवेळीं तो घराबाहेर असावा. ह्या तीन गोष्टी ज्या घरीं पाळल्या जातील, तेथें थंडी सुखानें सरेल.